हातोहात फोटो: मराठवाड्याच्या उन्हात इन्स्टंट कॅमेरा कसा वापरायचा

गेल्या येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात कडब्याच्या कोपीपुढं आज्जीला बसवलं आणि फोटो काढला. कॅमेऱ्यातून घर्र आवाज करत पांढरा कागद बाहेर आला, तो तसाच तिच्या हातात दिला. "यात तर काहीच नाही की रं," ती म्हणाली. मग तिच्या डोळ्यांदेखत आधी मागचा काळपट कडबा उमटला, मग लुगड्याचा हिरवा रंग, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. तिनं तो फोटो पदरानं पुसला (पुसायची गरज नसते, पण तिला कोण सांगणार) आणि सुपारीच्या पिशवीत टाकला. तेवढ्यात शेजारच्या बांधावरच्या दोन काकू आल्या, त्यांच्या मागून त्यांच्या सुना, सुनांच्या मागून लेकरं. दहा मिनिटांत माझ्यापुढं रांग लागली आणि कॅमेऱ्यात फोटो उरले होते चार.

हा लेख त्या चार फोटोंचा हिशेब आधीच कसा करायचा, यासाठी आहे. इन्स्टंट कॅमेऱ्याबद्दल इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं सापडतं. पण ते बहुतेक थंड देशातल्या, गोऱ्या भिंतींच्या, मोठ्या खिडक्यांच्या घरांसाठी लिहिलेलं असतं. आपल्याकडं ऊन ४२ अंशांचं, घर माळवदाचं, माणसं पांढऱ्या धोतरातली आणि सावळी. त्यामुळं त्यातले निम्मे सल्ले इथं उलटे पडतात. मी पाच-सहा वर्षांत जे पैसे आणि कागद वाया घालवले, त्यातून जे कळलं ते सांगतो.

कॅमेरा आणि फिल्म

बाजारात मुख्य दोन घराणी आहेत. फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स आणि पोलरॉइड. तिसरा एक प्रकार इन्स्टंट म्हणून विकला जातो, त्यात छोटा प्रिंटर खास कागदाला उष्णता देऊन रंग उमटवतो. तो वाईट नाही, पण ती फिल्म नव्हे. घेताना दुकानदाराला हे नीट विचारा.

इन्स्टॅक्सचे तीन आकार मिळतात. मिनीमध्ये चित्र ६२ गुणिले ४६ मिलिमीटरचं, म्हणजे पाकिटात मावणारं. स्क्वेअरमध्ये ६२ गुणिले ६२. वाइडमध्ये ९९ गुणिले ६२. प्रत्येक पाकिटात १० फोटो. पोलरॉइडचं चित्र साधारण ७९ मिलिमीटरचं चौकोनी असतं, पाकिटात फोटो ८ आणि किंमत कितीतरी जास्त. मला मिनीचा एक फोटो पन्नास-साठ रुपयांना पडतो. पोलरॉइडच्या एका फोटोच्या पैशात मिनीचे तीन-चार सहज होतात, वर फिल्म ऑनलाइन मागवून वाट बघायची.

पहिला कॅमेरा म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इन्स्टॅक्स मिनी. पोलरॉइडचे रंग मऊ आणि देखणे असतात हे मान्य. पण त्याची फिल्म १३ ते २८ अंशांच्या दरम्यानच नीट वागते, आणि आपल्याकडं ते हवामान वर्षातून किती दिवस असतं ते तुम्हीच मोजा. इन्स्टॅक्सला ५ ते ४० अंश चालतात. परभणीचा मे महिना त्यालाही परवडत नाही, पण बाकीचं वर्ष निभावतं.

मिनी १२ सारखे साधे कॅमेरे स्वतःच उजेड मोजतात आणि फ्लॅश दर वेळी मारतातच, तो बंद करता येत नाही. मिनी ९० किंवा त्याच्या पुढच्या महागड्या कॅमेऱ्यांत फ्लॅश बंद करता येतो, एकाच कागदावर दोन फोटोही घेता येतात. एव्हो नावाचा प्रकार आधी डिजिटल फोटो घेतो आणि तुम्ही निवडाल तोच फिल्मवर छापतो. त्यात कागद वाया जात नाही. मी मात्र तो घेतला नाही. पडद्यावर बघून "हा नको, दुसरा काढ" सुरू झालं, की मग फोनच काय वाईट होता?

त्या कागदात चालतं काय

हे कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतात, म्हणून दोन परिच्छेद सहन करा.

फोटोच्या खालची पट्टी बाकीच्या तीन बाजूंपेक्षा रुंद असते, ती शोभेसाठी ठेवलेली नाही. तिच्या आत रसायनाच्या लगद्याची बारीक पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन लाटण्यांमधून पिळून निघतो. पुडी फुटते आणि लगदा पोळीला तूप लावावं तसा सगळीकडं एकसारखा पसरतो. फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल उजेडासाठी वेगवेगळे थर असतात, प्रत्येकाजवळ त्याचा त्याचा रंग. जिथं उजेड पडला तिथं रंग अडकून राहतो, जिथं नाही पडला तिथून तो वरच्या थरात सरकतो. लगद्यातच उजेड अडवणारं द्रव्य असतं, त्यामुळं इन्स्टॅक्सचा फोटो भर उन्हात बाहेर आला तरी आतलं काम अंधारात चालू राहतं. पांढरेपणा येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडमुळं, रंगाच्या डब्यात असतं तेच.

म्हणजे ही ओली रासायनिक क्रिया आहे आणि तिला तापमान लागतं. इन्स्टॅक्सला २० अंशांच्या आसपास दीड मिनिट पुरतं, पोलरॉइडच्या रंगीत फोटोला दहा-पंधरा मिनिटं. फोटो फडफड हलवल्यानं काहीही लवकर होत नाही. हलवायची सवय जुन्या, साल सोलून काढायच्या फिल्मची. तिचा वरचा ओला पृष्ठभाग वाळवावा लागे. आताचा फोटो प्लास्टिकमध्ये बंद असतो. उलट तो वाकवला तर लगद्यात भेगा पडतात आणि चित्रावर ओरखडे उमटतात. गावात हे सांगणं अवघड जातं. कागद हातात आला की माणूस वारा घालतोच. मी लेकरांना सांगतो, फोटो झोपलाय, त्याला उठवू नका. त्यांना पटतं.

ही सगळी यातायात एका लेकराच्याच प्रश्नातून सुरू झाली म्हणतात. १९४३ साली अमेरिकेत सांता फे इथं सुट्टीवर असताना पोलरॉइड कंपनी काढणाऱ्या एडविन लँड यांच्या छोट्या मुलीनं विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का बघता येत नाही? लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये त्याचं उत्तर करून दाखवलं, आणि २६ नोव्हेंबर १९४८ ला बोस्टनच्या एका दुकानात पहिला पोलरॉइड कॅमेरा विकायला ठेवला. आपोआप बाहेर येऊन डोळ्यांसमोर उमटणारा आजच्यासारखा फोटो आला १९७२ मध्ये, एसएक्स-७० या कॅमेऱ्यासोबत. डिजिटल आल्यावर २००८ मध्ये पोलरॉइडनं फिल्म बंद करायचं ठरवलं, तेव्हा काही वेड्या लोकांनी नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे शहरातला तिचा कारखाना वाचवला आणि रसायन जवळपास नव्यानं जुळवलं. इन्स्टॅक्स १९९८ पासून सुरू आहे ते आजतागायत.

ऊन आणि फिल्म

इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून सावकाश वाचा.

पहिली गोष्ट विकत घेताना. डब्यावरची मुदत बघाच, पण फिल्म दुकानात कुठं ठेवली होती तेही बघा. मी एकदा एका दुकानाच्या काचेच्या कपाटातून, जिथं दुपारभर ऊन येत होतं, दोन पाकिटं घेतली. मुदत सहा महिने पुढची होती. वीसच्या वीस फोटो फिके, धुतलेल्या कापडासारखे निघाले. तेव्हापासून मी आतल्या खोलीतला डबा मागतो. दुकानदार वैतागतो, पण देतो.

घरी न उघडलेली फिल्म फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीपासून लांब, हवाबंद डब्यात ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, आतला लगदा गोठला तर पाकीट गेलं. वापरायच्या तासभर आधी डबा बाहेर काढा आणि बंदच राहू द्या. थंड फिल्मवर बाहेरची दमट हवा लागली की दव धरतं. जून-जुलैत हे हमखास होतं.

गावात फ्रिज नसेल किंवा वीज दुपारी जात असेल, तर माळवदाच्या घरासारखी जागा नाही. जाड भिंतीच्या आतल्या खोलीत, जिथं पूर्वी धान्याच्या कणग्या असायच्या, तिथं मेमध्येही बाहेरच्यापेक्षा चांगलाच गारवा असतो. पत्र्याच्या खोलीत ठेवाल तर फिल्म भाजेल. माझी आई फिल्मचा डबा माठाशेजारी ठेवते. ते चालतं, फक्त डब्याचं झाकण घट्ट हवं आणि खाली ओल नको.

प्रवासात गाडीच्या पुढच्या काचेजवळ कॅमेरा ठेवू नका. लातूरहून तुळजापूरला जाईपर्यंत तिथं पापड भाजतील. मोटारसायकलच्या डिकीचंही तेच. मी कॅमेरा उपरण्यात गुंडाळून, पाण्याच्या बाटलीला लागून, खांद्यावरच्या पिशवीत ठेवतो. बाटली थंडगार असेल तर मध्ये कापडाची जाड घडी ठेवा.

फोटो काढल्यावरही उष्णता पाठ सोडत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी फोटो बाहेर आला की लगेच सावलीत न्या, उन्हात तापलेल्या बाजेवर किंवा गाडीच्या सीटवर ठेवू नका. पोलरॉइड असेल तर तो तापल्यावर पिवळा-तांबूस होतो, आणि बाहेर येताक्षणी त्याला उजेडापासूनही झाकावं लागतं. डिसेंबरच्या पहाटे उलटा प्रकार: गारठ्यात चित्र फिकट आणि निळसर राहतं. तेव्हा फोटो सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, उमटेपर्यंत ठेवायचा.

म्हणून माझा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. उन्हाळ्यात काढायचाच झाला तर सकाळी नऊच्या आत. एकदा मेमधल्या लग्नात भर दुपारी दोन पाकिटं संपवली. नवरदेव सोडून कुणीच ओळखू येईना, आणि तोही फेट्यावरून.

फिल्म भरणं

सावलीत भरा. पाकीट कडेनं धरा. मागच्या बाजूला दोन चौकोनी भोकं असतात, तिथं बोट दाबू नका. पाकिटावर पिवळी रेघ आहे, कॅमेऱ्याच्या आतही पिवळी खूण आहे. खुणेला खूण जुळवून पाकीट खाली बसवायचं, झाकण लावायचं, आणि एकदा बटण दाबायचं. काळं आवरण बाहेर येतं. ते फोटो समजून हळहळू नका, आता आकडा १० दिसेल.

यानंतर आकडा शून्यावर येईपर्यंत मागचं झाकण उघडायचं नाही. माझ्या भाच्यानं "मामा, आत किती उरलेत बघतो" म्हणून उघडलं होतं. मी ओरडलो, त्यानं घाबरून लगेच बंद केलं, म्हणून नुकसान थोडक्यात आटोपलं. वरचा कागद पूर्ण पांढरा, पुढच्या दोघांच्या कडा जळाल्यासारख्या, त्याखालचे बरे. तुमच्याकडं असं झालं तर पाकीट फेकू नका, दोन-तीन फोटो सोडून द्या आणि पुढं चालू ठेवा. त्या कडा जळालेल्या फोटोंपैकी एकात भाचा स्वतः आहे, आणि त्याला तोच सगळ्यात जास्त आवडतो.

साध्या मिनीच्या बॅटरी पेन्सिल सेलच्या असतात, पण घड्याळातला सेल काढून घालू नका. अर्धमेल्या सेलवर लाटणी मध्येच अडकतात आणि फोटोवर आडवा पट्टा येतो.

अंतर, उजेड आणि पांढरं धोतर

छोट्या मिनी कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण सव्वादोन मीटरपर्यंत पोचतो, म्हणजे चांगली तीन पावलं. माळवदाच्या अंधाऱ्या खोलीत याचा अर्थ असा, की दोन पावलांवरची माय लख्ख दिसेल आणि तिच्या मागचं देवघर, उतरंड, भिंतीवरचे फोटो सगळं काळ्या अंधारात जाईल. घरासकट माणूस हवा असेल तर त्याला ओसरीत किंवा दाराच्या उजेडात आणा. तुम्ही दाराच्या बाजूला उभे राहा, म्हणजे बाहेरचा उजेड त्याच्या तोंडावर पडेल. दार त्याच्या पाठीशी ठेवलंत तर कॅमेरा बाहेरचं ऊन मोजतो आणि माणसाची सावली छापून देतो.

मग प्रश्न पांढऱ्या कपड्यांचा. इन्स्टंट फिल्मला फार उजेड आणि फार अंधार एकाच चित्रात सोसत नाही. फोन दोन्ही सांभाळून घेतो, फिल्म एकाचीच बाजू घेते. भर उन्हात पांढरा सदरा, धोतर आणि टोपी घातलेले दादा उभे केले तर एक तर कपडे चुन्यासारखे सपाट पांढरे, नाहीतर चेहरा काळा. यावर उपाय एकच: लिंबाची सावली. पानांतून कवडसे पडणारी विरळ सावली नको, दाट आणि सगळीकडं सारखी हवी. गोठ्याची सावली, देवळाच्या भिंतीची सावली, उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची सावलीसुद्धा चालते. सावलीत सावळ्या चेहऱ्याचा रंग खरा येतो, सुरकुत्या दिसतात. सकाळी आठ-साडेआठचा आणि दुपारी साडेचारनंतरचा उजेडही चांगला, पण तेव्हा सूर्य माणसाच्या कडेला ठेवा. तोंडावर घेतला तर डोळे मिटतात आणि मागून घेतला तर वर सांगितलं तेच होतं.

घरातल्या दिव्यांचं सांगायचं तर ही फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली आहे. पिवळ्या बल्बखाली सगळं नारिंगी येतं. स्वयंपाकघरात चुलीपुढच्या बाईचा फोटो मी फ्लॅशवर सोडतो, पण धूर आधी जरा निवू देतो. फ्लॅश धुरावर आदळला की पुढं पांढरा पडदाच येतो. चष्मा असेल तर मान थोडी वळवायला सांगा. मागं फोटोची काच किंवा आरसा असेल तर स्वतः तिरके उभे राहा.

चेहरा जवळून घ्यायचा असेल तर भिंगाच्या साध्या टप्प्यावर अर्ध्या मीटरच्या आत जाऊ नका. मिनी १२ मध्ये भिंग आणखी एक टप्पा फिरवलं की ३० ते ५० सेंटिमीटरवरचं स्पष्ट येतं. जुन्या साध्या कॅमेऱ्यांत एक गोम आहे: डोळा लावायची खिडकी भिंगाच्या शेजारी असते, त्यामुळं तुम्हाला दिसतं ते आणि भिंगाला दिसतं ते जवळच्या अंतरात वेगळं असतं. माझ्या सुरुवातीच्या फोटोंत सगळ्यांचा एक कान गायब आहे. युक्ती सोपी आहे. खिडकीतून चौकट ठरवा, मग कॅमेरा खिडकीच्या बाजूला दोन बोटं सरकवा, म्हणजे तुमचा डोळा होता त्या जागी भिंग येईल. मग बटण.

आणि बोटं बघा. उजेड मोजणारं बारीक भोक आणि फ्लॅश पुढच्या बाजूलाच असतात, गडबडीत त्यावर बोट येतंच. फोटो बाहेर यायच्या फटीवर हात ठेवलात तर तो अडकेल.

येळवशीचा एक दिवस, दहा फोटो

लातूर-धाराशिवकडं ज्याला येळवस म्हणतात ती दर्श वेळ अमावस्या डिसेंबर-जानेवारीत येते. बाहेरच्यांसाठी थोडक्यात: सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील असते, आणि ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला जेवायला बोलावलेलं असतं. शहरातले रस्ते त्या दिवशी ओस पडतात. हवा फिल्मला मानवणारी, ज्वारी कमरेएवढी, सगळे नवे कपडे घालून एका जागी. इन्स्टंट कॅमेऱ्यासाठी याहून चांगला दिवस मला माहीत नाही.

पण दहाच फोटो. फोनची सवय लागलेल्या हाताला हे जड जातं. मी आता आदल्या रात्री कागदावर नावं लिहितो. ठिकाणं किंवा प्रसंग लिहीत नाही, नावं. कुणाला फोटो द्यायचाय ते ठरलं की कसा काढायचा ते आपोआप ठरतं.

पहिला फोटो बिनमहत्त्वाचा घ्या. बैलाचा, कोपीचा, कशाचाही. फिल्म बरी आहे ना, उजेड कसा येतोय ना, हे त्यातून कळतं. आज्जीवर प्रयोग करायचा नसतो. दुसरा-तिसरा सगळ्यात म्हाताऱ्या माणसांचा, पूजेच्या आधी, कारण जेवण झालं की ती कोपीत आडवी होतात. म्हाताऱ्या माणसांना ताठ उभं राहायची सवय असते. जत्रेतल्या रंगीत पडद्यापुढं, हात शिवणीला लावून त्यांनी फोटो काढलेत. ते मोडू नका. "हसा" म्हणू नका. त्यांना जसं दिसायचंय तसं बसू द्या, पटका नीट करायला वेळ द्या. दादांनी मागच्या वर्षी पटका तीनदा बांधला. तेवढ्यात आंबील एक वाटी जास्त झाली माझी.

चौथा-पाचवा फोटो हातांचा: मडक्यातून आंबील ओतणारे, उंडे वळणारे. इथं भिंगाचा जवळचा टप्पा वापरा. मग एक अख्ख्या पंगतीचा, पण मिनीत सहा-सात माणसांपुढं चेहरे मटकीएवढे होतात. मोठं कुटुंब असेल तर वाइड कॅमेरा मागून आणा, नाहीतर दोन ओळी करून माणसं अगदी खेटून बसवा. जागा सोडून बसलेली माणसं छोट्या फोटोत हरवतात.

दोन कागद कायम राखून ठेवायचे, कुणी मागायला येणाऱ्यासाठी. कुणीतरी येतंच. सालगड्याची बायको लांब उभी राहून बघत असते, ती मागत नाही, तिला तुम्हीच विचारायचं. विचारल्याशिवाय मात्र कुणाचाही काढायचा नाही, बाईमाणसांचा तर नाहीच. या कॅमेऱ्याचं एक बरं आहे, त्यांचा फोटो त्यांच्याच हातात जातो, माझ्या फोनमध्ये राहत नाही. हे सांगितलं की बहुतेक जणी पदर सावरून पुढं येतात.

संध्याकाळी हेंडगा (कडब्याचा पलिता) पेटतो तो मात्र डोळ्यांनी बघा. त्या धावत्या जाळाचे मी तीन वर्षांत पाच फोटो घेतले, पाचही काळे, मधोमध एक नारिंगी डाग.

घराबाहेर

दूरचं दृश्य हा या कॅमेऱ्याचा विषय नाही. नळदुर्गच्या किल्ल्यावर नर-मादी धबधबे वाहात असताना मी समोरून मोठ्या हौसेनं फोटो घेतला, त्यात पांढरी दोरी लोंबताना दिसते. त्याच दिवशी पायरीवर बसून कणीस खाणाऱ्या भाचीचा घेतला, मागं ओला काळा दगड. तो आजही भिंतीवर आहे. औशाच्या भुईकोटात तटबंदी घेण्यापेक्षा दाराचा एक खिळा घ्या. खरोशाच्या लेण्यांत खांब आणि त्याला टेकलेलं माणूस. फ्लॅशची हद्द तीन पावलांची, तर चित्रही तेवढ्यातलंच निवडा.

अजिंठ्याला हा कॅमेरा पिशवीतच ठेवा. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि साध्या मिनीचा फ्लॅश बंद होत नाही. वेरूळचं कैलास उघड्यावर आहे, तिथं काढता येईल, पण ते मिनीत मावणार नाही. एखाद्या दगडी हत्तीशेजारी लेकरू उभं करा, म्हणजे हत्तीचं मापही कळेल.

घराच्या आसपासचं मात्र जरूर घ्या. जातं, उखळ, बंद पडलेली मोट, दाराची कडी, ज्या दुकानात उधारी चालते त्या दुकानाची पाटी. यांचा फोटो कुणी काढत नाही, आणि मग एक दिवस दुकान पत्र्याचं होतं.

द्यायचा, लिहायचा, ठेवायचा

आमचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात जुनं घर गेलं. दगडाच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, ते सगळं बसलं. माणसं वाचली, अल्बम गेला. भूकंपाआधीच्या घराचा आज एकच फोटो आहे, आत्याच्या लग्नातला, ओसरीसकट. तो वाचला कारण तो आमच्या घरात नव्हताच. मामांना दिला होता, लातूरला.

म्हणून मी इन्स्टंट फोटो स्वतःकडं ठेवत नाही. फार मोह झाला तर एकाच्या ऐवजी दोन काढतो, दुसरा दुसऱ्या घरी देतो. फोटो देताना खालच्या रुंद पट्टीवर न पुसणाऱ्या बारीक मार्करनं नाव, गाव आणि तारीख लिहितो. बॉलपेन नको, त्याचं टोक जोरात दाबलं तर आतल्या पुडीच्या जागी खळगा पडतो. दोन मिनिटं शाई वाळू द्या. तारीख वर्षासकट लिहा. नुसतं "येळवस" लिहिलेले माझ्याकडं चार फोटो आहेत आणि कुठलं वर्ष यावरून घरात भांडण आहे.

देताना तीन गोष्टी सांगा. एक, कात्रीनं कापायचा नाही. पांढरी कड कापून देव्हाऱ्यातल्या चौकटीत बसवायचा मोह सगळ्यांना होतो, पण कापला की आतला लगदा उघडा पडतो. तो त्वचेला चांगला नाही. फाटलेला फोटो लेकराच्या तोंडात जाऊ देऊ नका, हाताला लागलं तर भरपूर पाण्यानं धुवा. दोन, गरम लॅमिनेशन करायचं नाही. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रेमानं करून देतात आणि फोटो आतल्या आत शिजतो. तीन, उन्हाच्या भिंतीवर लावायचा नाही, वर्ष-दोन वर्षांत उडून जातो. वहीच्या पानांत, साध्या कागदी पाकिटात, पत्र्याच्या डब्यात ठेवला तर उंदीर आणि वाळवी दोन्हींपासून वाचतो. चिकट पानांचा जुना अल्बम टाळा, त्यातून फोटो सुटत नाही.

ज्याचा फोटो त्याची हरकत नसेल तर द्यायच्या आधी फोननं नक्कल घेऊन ठेवणं शहाणपणाचं. फोटो पूर्ण उमटू द्या, सावलीत सपाट ठेवा, फोन बरोबर वरून धरा आणि पृष्ठभागावर आभाळाची चमक दिसली तर स्वतः थोडं सरका. फ्लॅश बंद.

आज्जीच्या फोटोची नक्कल मात्र अजून घेता आलेली नाही. ती तो पिशवीतून काढून दाखवते, लांबून. हातात देत नाही.